जांबला मागे राहिलेले

मुक्ताईची पालखी मुक्ताईनगरहून निघते ती बुलढाणा, चिखली, देऊळगावराजा करत जालना जिल्ह्यात शिरते आणि अंबडवरून गोदेकडे वळते. अंबडला आमच्या दिंडीतल्या काकूंनी मनात घेतलं, जांब समर्थला जाऊन यायचं. वारकऱ्याचं रामदासी ठाण्यात काय काम, असं एका टाळकऱ्याने छेडलंच. काकू म्हणाल्या, "माउली, समर्थांना सगळेच भेटतात. मला राणूबाईला भेटायचंय."

मोसंबीच्या बागा आणि नुकती उगवलेली सरकी बघत एसटीने घनसावंगी, तिथून जांब. वाटेत काकूंनी सासूकडून ऐकलेली गोष्ट सांगितली. पुस्तकातली गोष्ट नारायणाची, म्हणजे पुढच्या समर्थ रामदासांची असते: 1608 च्या रामनवमीला सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी जन्मलेला धाकटा मुलगा, बाराव्या वर्षी आसनगावच्या मांडवात 'सावधान' ऐकताच उठला आणि पार नाशिकजवळच्या टाकळीला पोचला. सासूबाईंची गोष्ट मात्र त्याच्यामागे धावायची नाही, मांडवातच बसून राहायची. अंतरपाटापलीकडच्या पोरीचं काय? "दिली हो दुसऱ्याला. मुहूर्त टळला तर पोर कुणी केली असती?" आणि त्याची आई राणूबाई? तिचे डोळे रडून गेले. चोवीस वर्षांनी दारात कुणी गोसावी आला, तिने आवाज ओळखला, त्याने हात फिरवला, तिला दिसू लागलं. चमत्काराचं मी काही म्हणत नाही, पण बाईने चोवीस वर्षं आवाज लक्षात ठेवला हे मला पटतं.

राममंदिरात पंचधातूच्या मूर्ती आहेत. ठोसरांच्या देवघरातल्या म्हणून गाव त्या मानतं. 2022 च्या ऑगस्टमध्ये त्या चोरीला गेल्या आणि पोलिसांनी दोनेक महिन्यांत शोधून आणल्या. "परत आले देव," ओट्यावरच्या आजोबांनी सांगितलं. काकू लगेच म्हणाल्या, "या गावातून गेलेलं परतच येतं."

मला तिथे आठवले ते समर्थांचे थोरले बंधू गंगाधरपंत, श्रेष्ठ. त्यांचं कौतुक फार होत नाही. धाकटा देश हिंडला, तेव्हा यांनी वडिलांमागे घर, शेत, आंधळी आई आणि रामाची पूजा सांभाळली. 'भक्तिरहस्य', 'सुलभोपाय' लिहिलं तेही संसारात राहून. 1677 साली दहिफळला गेले. समर्थ सज्जनगडावर त्यानंतर पाच वर्षांनी. आणि पुढचा भाग तर अजब आहे. ब्रह्मचाऱ्याने उभं केलेलं चाफळ-सज्जनगडचं संस्थान अखेर ठोसरांच्याच घरी आलं: श्रेष्ठांचे नातू गंगाधरस्वामी गादीवर बसले. शिष्यपरंपरेचा एवढा पसारा, गादी मात्र वंशपरंपरेची! मठांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या भावाकडे जरा जास्त पाहायला हवं होतं.

दर्शन लवकर आटोपलं. काकू मात्र ओट्यावरच्या आजोबांशी नवरीवरून हुज्जत घालत बसल्या. आजोबांच्या मते तिची पुढे गोष्टच नाही. काकूंच्या मते ती आसनगावातच नांदली, लेकुरवाळी झाली आणि समर्थांना एकदा भिक्षाही वाढली. हे सासूबाईंनी सांगितलं होतं की काकूंनी तिथेच रचलं, मी विचारलं नाही. रात्री मुक्कामावर बायकांनी त्यांना गराडा घातला, तेव्हा भिक्षेत पुरणपोळीही आली होती.