कर्नलमधली रेस कंडिशन: लिनक्सच्या पॅकेट सॉकेटमधला क्रॅश आणि त्याची दुरुस्ती

दोन थ्रेड एकाच डेटावर एकाच वेळी काम करतात आणि शेवटी काय होणार हे कोण आधी पोचलं यावर ठरतं, तेव्हा त्याला रेस कंडिशन म्हणतात. साध्या अ‍ॅपमध्ये असं झालं तर फार तर ते अ‍ॅप बंद पडतं. कर्नलमध्ये झालं तर अख्खं मशीन बसतं, नाहीतर साध्या युजरच्या हातात थेट रूटचे अधिकार जातात. लिनक्सच्या नेटवर्किंग कोडमध्ये असा एक बग तब्बल पाच वर्षं लपून होता. त्याचा नंबर सीव्हीई-२०१६-८६५५. मी नेटवर्किंग सॉफ्टवेअरवर काम करतो आणि लॉक नेमका कुठे घ्यायचा हे समजावताना हेच उदाहरण घेतो, कारण इथे लॉक आधीपासून होता. तरीही क्रॅश होत होता.

रेस कंडिशन आणि विरार लोकल

आम्हा वसई-विरारकरांना ही गोष्ट लोकलमध्येच कळते. डब्यात शिरलात, खिडकीची सीट रिकामी दिसली. बॅग रॅकवर टाकून वळलात, तर तिथे कोणीतरी बसलेलं! तुम्ही पाहिलं ते बरोबरच होतं. फट राहिली ती पाहणं आणि बसणं यांच्यामध्ये.

म्हणून लोक रुमाल टाकतात. पण रुमालाची ताकद एवढीच, की डब्यातले बाकीचे तो मानतात. एकानेही मानला नाही, तर सीट गेली. कर्नलमधला लॉकही असाच असतो. त्या डेटाला हात लावणाऱ्या प्रत्येक कोडने तोच लॉक घेतला, तरच तो उपयोगाचा.

बग नेमका कुठे होता?

टीसीपीडम्प किंवा वायरशार्कसारखी टूल्स नेटवर्क कार्डवरची पॅकेट्स थेट वाचतात. त्यासाठी लिनक्समध्ये पॅकेट सॉकेट हा प्रकार आहे. प्रत्येक पॅकेट कॉपी करत बसायला नको म्हणून कर्नल आणि प्रोग्रॅम मिळून एक रिंग बफर वापरतात. या रिंगच्या तीन आवृत्त्या आहेत. तिसरी ऑगस्ट २०११ मध्ये कोडमध्ये आली. तिच्यात एक टायमर आहे. अर्धवट भरलेला ब्लॉक ठरावीक वेळाने प्रोग्रॅमकडे सोपवायचा, म्हणजे पॅकेट्स अडकून राहत नाहीत, हे त्याचं काम.

आता दोन थ्रेड एकाच सॉकेटवर काम करतायत असं समजा.

१. पहिला थ्रेड तिसऱ्या आवृत्तीची रिंग बनवायला सांगतो. कर्नल मेमरी घेतो आणि टायमर तयार करतो. पण 'रिंग तयार आहे' अशी नोंद अजून सॉकेटवर झालेली नसते.
२. तेवढ्यात दुसरा थ्रेड म्हणतो, 'आवृत्ती बदलून पहिली कर.' कर्नल तपासतो की रिंग आहे का? नोंद नाही, म्हणून परवानगी मिळते.
३. पुढे सॉकेट बंद होतं. कर्नल आवृत्ती बघतो. पहिली आहे, म्हणजे टायमर नसणार, असं धरून तो टायमर न थांबवताच मेमरी मोकळी करतो.
४. टायमर चालूच असतो. वेळ झाली की तो मोकळ्या झालेल्या मेमरीत जातो.

मेमरी सोडल्यावरही ती वापरणं, यालाच यूज-आफ्टर-फ्री म्हणतात. नशीब बरं असेल तर मशीन फक्त क्रॅश होतं. पण टायमरच्या रचनेत पुढे कोणतं फंक्शन चालवायचं याचा पत्ता असतो. हल्लेखोराने त्या मोकळ्या जागेत आपला डेटा भरला, तर कर्नल त्याने दिलेल्या पत्त्यावर जातो. हा बग शोधणाऱ्या फिलिप पेटरसन यांनी उबंटू १६.०४ वर याच मार्गाने रूट मिळवून दाखवलं. डिसेंबर २०१६ मध्ये ही माहिती जाहीर झाली.

दुरुस्ती: लॉक वर सरकवला

दुरुस्ती पेटरसन यांनीच लिहिली. ती अगदी थोड्या ओळींची आहे. रिंग बनवणाऱ्या फंक्शनमध्ये सॉकेटचा लॉक होता, पण तो टायमर तयार झाल्यानंतर घेतला जायचा. तो फंक्शनच्या सुरुवातीला आणला. दुसरा बदल आवृत्ती बदलणाऱ्या कोडमध्ये. तिथेही तोच लॉक घेतला आणि 'रिंग आहे का' ही तपासणी व प्रत्यक्ष बदल, दोन्ही त्याच्या आत ठेवले. आता एकाचं काम पूर्ण होईपर्यंत दुसरा थांबतो.

इथे स्पिनलॉक का नाही? रिंगसाठी मेमरी मागताना कर्नलला थांबावं लागू शकतं, आणि स्पिनलॉक हातात असताना असं थांबता येत नाही. सॉकेटचा लॉक घेऊन थांबलं तरी चालतं.

नुसता लॉक वर सरकवून भागलं असतं का? नाही. आवृत्ती बदलणाऱ्याने लॉक विचारलाच नसता, तर रुमाल कितीही लवकर टाकून उपयोग शून्य!

तरी एक दार उघडं राहिलं

याच फाईलमध्ये रिंगच्या प्रत्येक फ्रेममध्ये किती जागा राखून ठेवायची हे ठरवणारं आणखी एक सेटिंग आहे. रिंग बनवणारं फंक्शन तेही वाचतं. पण ते बदलणारा कोड लॉक घेत नव्हता. हा बग सिझकॉलर या टूलने पकडला आणि ऑगस्ट २०१७ मध्ये तिथेही तोच लॉक लावला गेला. नंबर सीव्हीई-२०१७-१०००१११. पहिल्या दुरुस्तीनंतर जेमतेम आठ-नऊ महिन्यांनी.

तुमच्या कोडमध्ये काय बघाल?

- असे बग प्रिंट टाकून शोधू नका. प्रिंटमुळे टायमिंग बदलतं आणि बग गायब होतो. मोकळ्या मेमरीचा वापर पकडायला केसॅन आणि डेटा रेससाठी केसीसॅन चालू करा. दोन्ही कर्नलमध्येच मिळतात.
- मध्ये छोटा डिले टाकून क्रॅश थांबला, तर ती दुरुस्ती समजू नका. फट फक्त अरुंद झालेली असते.
- लॉक लावताना फंक्शनपासून सुरुवात करू नका, डेटापासून करा. ते फील्ड कुठे कुठे वाचलं आणि लिहिलं जातं याची यादी काढा आणि प्रत्येक ठिकाणी तोच लॉक आहे का ते बघा. २०१६ मध्ये त्या फंक्शनने वाचलेल्या प्रत्येक फील्डची अशी यादी निघाली असती, तर २०१७ चा बगही त्याच दिवशी सापडला असता.