एमबीबीएसच्या पहिल्याच वर्षी विद्यार्थी वॉर्डात का जातात?

मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात खाटेभोवती उभी असलेली पांढऱ्या कोटातली मुलं काही महिन्यांपूर्वीच 'नीट' देऊन आलेली असू शकतात. उपचार करणं त्यांचं काम नाही. ती पाहायला, ऐकायला आलेली असतात. याला 'अर्ली क्लिनिकल एक्स्पोजर' म्हणतात. २०१९च्या तुकडीपासून देशभर लागू झालेल्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षी त्यासाठी ९० तास राखून ठेवले गेले.

त्याआधी पहिलं वर्ष शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन या विषयांतच संपायचं. रुग्ण भेटायचा तो दुसऱ्या वर्षी. 'आधी प्रयोगशाळा, मग रुग्णालय' ही विभागणी अमेरिकेत १९१०च्या फ्लेक्सनर अहवालाने पक्की केली. तिला छेद दिला क्लीव्हलँडच्या वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाने. तिथे १९५२पासून पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गरोदर स्त्रियांच्या कुटुंबांशी जोडून दिलं जाऊ लागलं.

महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९मध्ये सेवाग्रामला सुरू केलेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. विद्यार्थी पहिल्या वर्षी तिथे शिबिरात राहतात आणि वाट्याला आलेल्या कुटुंबांकडे पुढेही जात राहतात. अलीकडे साधारण याच धर्तीवर देशभर 'कुटुंब दत्तक' कार्यक्रम सुरू झाला आहे.

मुळात यातून साधतं काय? बिलिरुबिनचं चक्र पाठ करणं आणि काविळीने डोळे पिवळे झालेला माणूस समोर पाहणं यात फरक आहेच. पण खरी गरज बोलण्याची आहे. 'अ‍ॅटकॉम' नावाच्या भागात 'रुग्ण असणं म्हणजे काय' हा पहिल्या वर्षाचाच धडा आहे. 'मृतदेह, आपला पहिला शिक्षक' हाही.

अडचण प्रत्यक्षात येते. दीडशे-दोनशेची तुकडी, गजबजलेली ओपीडी आणि आधीच दमलेले निवासी डॉक्टर. मग सांगायला कुणी नसलं, की हे तास म्हणजे नुसती वॉर्डातली फेरी उरते. पेशंटला तर ते प्रदर्शनच वाटतं.

म्हणूनच संमती महत्त्वाची. विद्यार्थ्यांसमोर तपासणी करण्याआधी रुग्णाला विचारायला हवं. तो 'नको' म्हणू शकतो आणि त्या नकारामुळे त्याच्या उपचारात फरक पडता कामा नये. सरकारी दवाखान्यात फुकट उपचार घेणाऱ्यालाही हे तितकंच लागू आहे, हे मात्र त्याला क्वचितच कुणी सांगतं.