लोहखनिजाचा दुसरा इतिहास

दुर्ग-भिलाईकडे नोकरीनिमित्त वास्तव्य करणाऱ्या महाराष्ट्रीयांस दल्ली-राजहऱ्याचे तांबडे लोहखनिज अपरिचित नाही. १९५६ पर्यंत हा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातच होता. सोव्हिएत रशियाशी १९५५ साली करार झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. लोहखनिज म्हणजे लोखंडाचे ऑक्साइड. त्यातील प्राणवायू हिरावून घेणे हे भट्टीचे कार्य. म्हणजे भट्टीच्या लेखी ऑक्साइड ही केवळ मोडून टाकावयाची वस्तू होय.

परंतु लोखंडाच्या ऑक्साइडांचा दुसराही एक इतिहास आहे. देहातील रासायनिक क्रिया जे पदार्थ घडवून आणतात, त्यांना विकरे म्हणतात. १८३३ साली पायेन व पेर्सो या फ्रेंच रसायनज्ञांनी मोड आलेल्या जवातून पहिले विकर वेगळे केले. १९२६ साली सम्नर यांनी यूरिएजचे स्फटिक मिळवून ते प्रथिन असल्याचे दाखविले. प्रथिन म्हटले की नाजूकपणा आलाच. उष्णतेने वा आम्लाने त्याची शक्ती गळते, आणि ते शुद्ध करणेही खर्चाचे असते.

मॅग्नेटाइट या चुंबकीय लोह-ऑक्साइडाचे सूक्ष्म कण वैद्यकात वाहक म्हणूनही वापरीत; ते निष्क्रिय समजले जात. २००७ साली बीजिंगच्या यान शियुन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, हे कण स्वतःच पेरॉक्सिडेज या विकराचे काम करतात, आणि अधिक उष्णतेतही ते टिकतात. २०१४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील गोविंदसामी मुगेश यांच्या गटाने याहून विलक्षण गोष्ट सिद्ध केली. व्हॅनेडियमचे ऑक्साइड एरवी पेशींस विषारी; परंतु त्याच्याच अतिसूक्ष्म तारांनी ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजप्रमाणे वागून पेशींचे रक्षण केले.

येथेच खरा पेच आहे. मॅग्नेटाइटचे कण आम्लयुक्त परिसरात हायड्रोजन पेरॉक्साइडपासून पेशींस घातक असे क्षोभक मूलक निर्माण करू शकतात. अर्बुदाच्या पेशी मारावयास हा गुण उपयोगी, पण निरोगी पेशींस तोच अपायकारक. तेव्हा कणाचा आकार व पृष्ठभाग कसा घडवावा, यावर रुग्णाचे हित अवलंबून राहते.

२०१६ साली सुरू झालेली भिलाईची भारतीय प्रौद्योगिकी संस्था आता कुटेलाभाठा येथे स्वतःच्या वास्तूत आहे. ज्या भूमीने ऑक्साइड मोडून पोलाद घडविले, तिच्या तरुणांस ऑक्साइड न मोडता त्यापासून औषध घडविण्याची विद्या परकी वाटू नये.