यंत्र आपले, किल्ली कोणाची?

वाचकहो, नागपुरातील कळमन्याच्या बाजारात आपण कधी ना कधी माल घेऊन किंवा माल घ्यायला गेलाच असाल. हंगामात तेथे संत्र्यांच्या गाड्यांची रीघ लागते, मिरचीच्या पोत्यांजवळून जाताना डोळ्यांना पाणी येते. तेथल्या अडत्याच्या दुकानातील काटा एकदा नीट बघा. काटा अडत्याने आपल्या पैशाने विकत घेतलेला असतो, पण त्याला वैधमापन खात्याचे सील असते. ते तोडून आतली रचना बदलण्याचा अधिकार खुद्द मालकालाही नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे बरेच आहे. नाहीतर चाळीस किलोचे पोते अडतीस किलो भरायला कितीसा वेळ लागतो!

त्याच दुकानात बसलेल्या तरुण शेतकऱ्याच्या खिशातला मोबाइल आता घ्या. तोही त्याने घाम गाळून मिळवलेल्या पैशाने घेतला, आणि त्यालाही आत सील आहे. फरक इतकाच की, काट्याचे सील सरकारने लोकांच्या वतीने ठोकलेले आहे, तर मोबाइलचे सील ज्याने तो विकला त्याने. नवा फोन बाजारात यायचा झाला की पोरे आठ-आठ दिवस आधीपासून चर्चा करतात: यात अँड्रॉइडचे कितवे व्हर्जन येणार, पुढची अपडेट किती वर्षे मिळणार, कंपनी आत काय काय बंद करून ठेवणार. वडीलधाऱ्यांना हे वेड वाटते. मला मात्र यात एक जुना इतिहास दिसतो, आणि तो आपल्या या आकाशवाणीच्या इतिहासाशी अगदी निगडित आहे.

इंग्लंडमध्ये १९२२ साली रेडिओ उत्पादकांनी एकत्र येऊन ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनी काढली. आज आपण जिला बीबीसी म्हणतो तिचे हे मूळ रूप. कार्यक्रम ऐकायचे तर परवाना हवा, आणि परवाना हवा तर ज्यावर त्या कंपनीचा शिक्का आहे असाच संच घ्यायला हवा, अशी अट घातली गेली. संच आणि त्याचे भाग ब्रिटिश बनावटीचे असावेत, परदेशी स्वस्त माल येऊ नये, हा तिच्यामागचा हेतू. पण लोक हुशार. हजारो हौशी मंडळींनी घरीच तारा गुंडाळून संच जुळवले आणि बिनशिक्क्याचे कार्यक्रम ऐकायला सुरुवात केली. इतक्या लोकांना दंड करणार कोण? १९२३ साली साइक्स समिती नेमावी लागली, आणि पुढे थोड्याच काळात ती शिक्क्याची अट मोडीत निघाली. उत्पादकाने घातलेले कुंपण लोकांनी आडवे केल्याचे रेडिओच्या इतिहासातले हे पहिल्या काही उदाहरणांपैकी एक.

आपल्याकडची गोष्ट निराळ्या वळणाची आहे. मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. १९३० च्या दशकात पेशावर आणि दिल्लीच्या आसपासच्या खेड्यांत सार्वजनिक रेडिओ बसवण्याचे प्रयोग झाले. चावडीवर ठेवलेला तो संच पेटीत बंद असे. तो एकाच केंद्रावर लावून ठेवलेला असे, आणि ठरलेल्या वेळी घड्याळाच्या कळीने आपोआप सुरू होई व आपोआप बंद पडे. ऐकणाऱ्याच्या हाती केंद्र बदलायचे बटण नाही, आवाज वाढवायचे नाही, बंद करायचेही नाही. खेडूत संच बिघडवील, ही एक सबब सांगितली जाई. तो दुसरेच काही ऐकेल, ही खरी भीती. मला विचाराल तर आपल्या देशातला ‘लॉक केलेला’ पहिला संच हाच. फक्त त्याला तेव्हा हा शब्द नव्हता.

नागपूरचे आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले, तेव्हा हे पेटीबंद प्रयोग मागे पडले होते, पण घरातल्या रेडिओला परवाना लागतच होता. दरवर्षी पोस्टात जाऊन पैसे भरायचे आणि पुस्तिकेवर शिक्का घ्यायचा. ज्यांच्या घरी जुनी कागदपत्रे आहेत त्यांना ती पुस्तिका अजूनही सापडेल. १९८० च्या दशकात हा परवाना इतिहासजमा झाला. पण एक गोष्ट लक्षात घ्या. परवान्याने आपण *ऐकू शकतो की नाही* एवढेच ठरत असे. संच एकदा घरी आला की गल्लीतला कारागीर तो उघडून व्हॉल्व्ह बदलू शकत होता. सरकारने कागद मागितला, पण आतल्या तारांवर हक्क सांगितला नाही.

मोबाइलने तो हक्क सांगितला. आपल्या राज्यात याची पहिली मोठी ओळख २००३ साली झाली. रिलायन्सने पाचशे एक रुपये भरून फोन देण्याची योजना काढली आणि खेडोपाडी फोन गेले. गोरगरिबांच्या हाती फोन आला, हे श्रेय त्या योजनेला द्यायलाच हवे. पण तो फोन त्याच कंपनीच्या जाळ्यावर चालत असे. कंपनी सोडायची तर फोनही सोडायचा.

पुढे आयफोन २००७ साली आणि अँड्रॉइडचा पहिला फोन २००८ साली अमेरिकेत आला. अँड्रॉइड ही फोनची मूळ प्रणाली. घराचा पाया म्हणा ना. तिचे बरेचसे मूळ लिखाण गूगलने सर्वांसाठी खुले ठेवले. त्यामुळे जगभरातल्या हौशी लोकांनी ते घेऊन स्वतःच्या सुधारित आवृत्त्या केल्या. त्यांतली सर्वांत गाजलेली सायनोजेनमॉड. कंपनीने अपडेट देणे थांबवले की लोक या आवृत्तीकडे वळत आणि जुन्या फोनमध्ये पुन्हा जीव भरत. रेडिओची तारा गुंडाळणारी ती इंग्लंडची मंडळी, आणि हे लोक, एकाच रक्ताचे.

आता २०१४ सालची एक हकीगत सांगतो. ती मला फार बोधप्रद वाटते, आणि शाळेत नागरिकशास्त्र शिकवणाऱ्यांनी ती वर्गात अवश्य सांगावी. सायनोजेनमॉडच्या कर्त्यांपैकी काहींनी पुढे कंपनी काढली. त्या कंपनीची प्रणाली वनप्लस नावाच्या चिनी फोनमध्ये जगभर दिली जात होती. तो फोन भारतात केव्हा येतो म्हणून तरुण मंडळी महिनोन्‌महिने डोळे लावून बसली होती. २ डिसेंबर २०१४ रोजी तो आला. पण त्याच सुमारास सायनोजेन कंपनीने भारतापुरता आपल्या प्रणालीचा एकाधिकार गुडगावच्या मायक्रोमॅक्स कंपनीला देऊन टाकला होता! म्हणजे बघा, फोन तोच, आतली प्रणाली तीच, पण लंडनच्या ग्राहकाला जे मिळणार ते नागपूरच्या ग्राहकाला मिळणार की नाही, हाच प्रश्न. मायक्रोमॅक्स दिल्ली उच्च न्यायालयात गेली. १६ डिसेंबर रोजी न्यायालयाने वनप्लसच्या त्या फोनची विक्री थांबवली. महिना संपण्यापूर्वीच खंडपीठाने ती बंदी उठवली. ज्याने पैसे मोजले त्या ग्राहकाची बाजू या सगळ्यात कोणी विचारली? दावा दोन कंपन्यांचा होता, ग्राहक त्यात पक्षकारच नव्हता.

वनप्लसने मग शहाणपण केले. दुसऱ्याच्या प्रणालीवर विसंबणे सोडून एप्रिल २०१५ मध्ये स्वतःची प्रणाली बाहेर काढली. आणि एकाधिकार देणारी ती सायनोजेन कंपनी? ३१ डिसेंबर २०१६ रोजी तिने आपली सेवा बंद केली. ज्या एका वाक्याच्या करारासाठी कोर्टकचेऱ्या झाल्या, तो करार देणाराच दोन वर्षांत दुकान बंद करून निघून गेला. हौशी लोकांनी मात्र तेच काम लिनिएजओएस या नावाने पुढे चालू ठेवले, ते आजतागायत.

हे ऐकून कोणी म्हणेल, अहो, या गोष्टी शहरातल्या पोरांच्या. तसे नाही. १ फेब्रुवारी २०२० पासून फार जुन्या अँड्रॉइडवर व्हॉट्सअॅप चालेनासे झाले, आणि २४ ऑक्टोबर २०२३ पासून अँड्रॉइड ५ च्या खालच्या सर्व फोनवर. २०१४ च्या सुमारास ४.४ व्हर्जनवर विकलेले आणि नंतर अपडेट न मिळालेले फोन या एका दिवसात मुके झाले. फोनचा पडदा शाबूत, बॅटरी बरी, आवाज स्पष्ट. पण भावाचे फोटो पाठवणारा कळमन्याचा अडत्या त्यावर दिसेना. २०२० च्या टाळेबंदीत ज्या शिक्षकांनी गावातल्या मुलांना जुन्या फोनवर धडे पाठवले, त्यांना मी काय म्हणतो ते वेगळे सांगायला नको. यंत्र जुने झाले नव्हते, त्याची मुदत दुसऱ्याने ठरवली होती.

एक बाजू मात्र न्यायाने मांडली पाहिजे. आतले कुलूप हे नेहमीच लबाडीचे नसते. फोन चोरीला गेला तर चोराला तो सहजी उघडता येऊ नये, बँकेच्या व्यवहारात कोणी लुडबुड करू नये, म्हणून काही बंधने लागतातच. ज्या फोनचे कुलूप मालकाने स्वतः उघडले आहे, त्यावर बँकेचे अॅप चालायला नकार देते, तेही याच धास्तीने. पण काट्याचे सील कोणी लावायचे, किती मुदतीने तपासायचे, तक्रार कोठे करायची, हे कायद्यात लिहिलेले आहे. फोनचे कुलूप कंपनी आज उघडू देते आणि उद्या नाही म्हणते. हुआवे या चिनी कंपनीने २०१८ साली असेच एके दिवशी मालकांना कुलूप उघडण्याचा आकडा देणे बंद केले. पैसे देताना ग्राहकाला जी सोय होती, ती नंतर राहिली नाही.

अलीकडे मात्र वारे थोडे फिरले आहे. २० ऑक्टोबर २०२२ रोजी आपल्या भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या बाबतीत गूगलला १३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. फोन बनवणाऱ्यांनी गूगलची सगळी अॅपे एकगठ्ठा घेतलीच पाहिजेत, या अटीवर आयोगाचा रोख होता. अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये दंड कायम ठेवला. भारतीय ग्राहकाला शोधयंत्र निवडण्याची मुभा देण्याचे गूगलने जानेवारी २०२३ मध्येच जाहीर केले होते. म्हणजे कुंपणातली एक काठी तरी आपल्या देशातल्या आयोगाने उपटली.

युरोपने त्याहून पुढे पाऊल टाकले आहे. २० जून २०२५ पासून तेथे असा नियम लागू झाला की, फोनचे ते मॉडेल बाजारात विकणे थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे प्रणालीची अपडेट मिळाली पाहिजे, आणि सुटे भाग सात वर्षे मिळाले पाहिजेत. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, सुरू केले. वस्तू दुरुस्त करायला किती सोपी याचे गुण देण्याची पद्धत सुचवण्यासाठी २०२४ साली समिती नेमली गेली आणि मे २०२५ मध्ये तिचा अहवाल आला. त्या गुणांमध्ये सुटे भाग, हत्यारे, माहिती यांच्याबरोबरच अपडेटचाही विचार आहे. काट्यावरच्या सीलची तारीख जशी कोणालाही वाचता येते, तशी फोनच्या खोक्यावर अपडेटची शेवटची तारीख छापलेली असावी, एवढे तरी या अहवालातून निघावे अशी माझी अपेक्षा आहे. तोवर दुकानात गेलात तर “नवे व्हर्जन येणार का?” असे विचारू नका. त्याला दुकानदार होच म्हणेल. “कोणत्या वर्षापर्यंत येणार, आणि हे कंपनीने कोठे लिहून दिले आहे?” असे विचारा, आणि ते लिखाण दाखवल्याखेरीज पैसे काढू नका.