काळा पडदा आणि दोन यंत्रांचे कांदेपोहे

गेल्या रविवारी आमच्या हॉलमध्ये अंधार पडला. लाईट गेले नव्हते, टीव्हीचा पडदा काळा पडला होता. नवीन ४के स्ट्रीमिंग बॉक्स आणला, तो बाबांच्या २०१२ सालच्या ऑडिओ रिसीव्हरला जोडला, रिसीव्हर टीव्हीला जोडला आणि... काही नाही. चित्र नाही, आवाज नाही. बाबांनी लगेच आपली पद्धत सुरू केली. वायर काढली, टोकावर फुंकर मारली, परत खोचली, जरा हलवून बघितली.

"अरे, वायर गेलीय. दुसरी आण."

दुसरी आणली. मग तिसरी आणली. तिन्ही वायरी ठणठणीत होत्या हे संध्याकाळी कळलं!

पण मंडळी, बाबांची पद्धत काही खुळचट नव्हती. एकेकाळी ती शंभर टक्के बरोबर होती. ती नक्की कधी निकामी झाली हे शोधण्यात माझा उरलेला वीकेंड गेला, म्हणून हा लेख.

पिवळी-लाल-पांढरी पिन आठवते ना? ती आरसीए पिन. रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीने १९३० च्या दशकात ग्रामोफोन रेडिओला जोडता यावा म्हणून ती काढली. रचना अगदी साधी, मधे एक खिळा आणि बाहेर एक कडं. गंमत म्हणजे खोचताना खिळा आधी टेकतो आणि कडं नंतर, म्हणून अँप चालू असताना पिन लावली की स्पीकर 'भर्रर्र' करतो. हा खरं तर डिझाईनचा दोष, पण तपासणी करणाऱ्याला वरदान. भर्रर्र झालं म्हणजे इथून पुढे स्पीकरपर्यंत सगळं जिवंत आहे! सतत घूं ऐकू आलं तर अर्थिंगचा घोटाळा. एकच बाजू वाजते? लाल आणि पांढरी अदलाबदल करा. मुकी बाजू बदलली तर दोष वायरीत किंवा तिच्या मागे, नाही बदलली तर पुढे. व्हिडिओचंही तेच. मुंग्या, सावल्या, उडालेला रंग, प्रत्येक लक्षणाचा एक रोग. दूरदर्शनवर कार्यक्रमांआधी रंगीत पट्टे आणि तो कंटाळवाणा 'टूंऽऽ' यायचा, तोही चाचणीचाच सिग्नल. म्हणजे बिघाड झाला की तो स्वतःहून आपलं नाव-गाव सांगायचा.

या वायरी मात्र मुक्या होत्या. एका टोकाचं यंत्र दुसऱ्याला ओळखत नव्हतं. यंत्रं पहिल्यांदा जरा बोलायला लागली ती फ्रान्समध्ये. तिथे १९८० पासून नव्या टीव्हीला स्कार्ट नावाचं २१ पिनांचं जाडजूड सॉकेट सक्तीचं झालं. त्यातल्या आठव्या पिनेवर व्हीसीआर साधारण १२ व्होल्ट पाठवायचा, म्हणजे "मी चालू झालोय, माझ्याकडे बघ", आणि टीव्ही आपोआप त्या इनपुटवर जायचा. आपल्याकडे स्कार्ट काही रुजलं नाही. पण मल्टीमीटर लावून मोजता येईल असा तो निरागस संवाद होता.

मग आला खोटारडेपणा. १९८४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सोनी विरुद्ध युनिव्हर्सल खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल दिला, की टीव्हीवरचा कार्यक्रम नंतर बघण्यासाठी घरी रेकॉर्ड करणं बेकायदा नाही. स्टुडिओ हरले. कोर्टात जमलं नाही ते वायरीत करायचं ठरलं असावं, हे आपलं माझं मत. पुढच्याच वर्षी 'द कॉटन क्लब' या सिनेमाच्या कॅसेटवर मॅक्रोव्हिजन आलं. चित्राच्या दोन फ्रेम्समधल्या, पडद्यावर न दिसणाऱ्या रेघांमध्ये मुद्दाम भलतेच तीव्र पल्स घुसवलेले असत. टीव्हीला त्याचं काही वाटत नसे, पण व्हीसीआरचं ऑटोमॅटिक गेन सर्किट गडबडायचं आणि कॉपी कधी उजळ कधी अंधारी व्हायची. पुढे डीव्हीडीमध्येही हेच आलं. टीव्हीला एकच एव्ही इनपुट म्हणून ज्यांनी डीव्हीडी प्लेयर व्हीसीआरमधून जोडला, त्यांना कॉपी करायची नसतानाही ते लुकलुकणारं चित्र बघावं लागलं. साहजिकच त्यांनी वायरी तपासल्या, आणि वायरीत काहीच दोष नव्हता. माझ्या मते बाबांची पद्धत मोडली ती इथे. बिघाड पहिल्यांदा हेतुपुरस्सर बनवलेला होता.

डिसेंबर २००२ मध्ये एचडीएमआय आलं. मागे हिताची, मात्सुशिता, फिलिप्स, सिलिकॉन इमेज, सोनी, थॉमसन आणि तोशिबा अशी सात बडी मंडळी. पिना १९. वायर लावली की आधी रीतसर कांदेपोहे होतात. टीव्ही आपला बायोडेटा पाठवतो, त्याला एडिड म्हणतात. मूळ १२८ बाइट्सचा: कंपनी कुठली, जन्म कुठल्या वर्षीचा, कोणकोणती रिझोल्यूशन्स झेपतात. लिनक्सवर तो वाचता येतो, मी आमच्या टीव्हीचा वाचला. सगळ्या १२८ बाइट्सची बेरीज करून २५६ ने भागलं की बाकी शून्य यायलाच हवी. सालस मुलगा आहे.

पण पुढची पायरी एचडीसीपी, म्हणजे इंटेलने बनवलेलं कॉपी-संरक्षण. पहिल्या पिढीत प्रत्येक यंत्रात ५६ बिटच्या ४० गुप्त किल्ल्या आणि ४० बिटचा एक ओळख क्रमांक, ज्यात नेमके २० एक आणि २० शून्य. ओळख पटली तरच सिनेमा सुरू, आणि नंतरही दर १२८ फ्रेम्सना, म्हणजे साधारण दोन सेकंदांनी, पुन्हा उलटतपासणी! मधे रिसीव्हर असेल तर मध्यस्थाचीही चौकशी. कुठेही नकार आला की पडदा काळा. कारण सांगायची सक्ती कोणावर नाही.

याने चोर थांबले का? २००१ मध्येच संशोधकांनी दाखवलं होतं की सुमारे ४० यंत्रांच्या किल्ल्या हाती आल्या तर अख्खी पद्धत उघडी पडते. सप्टेंबर २०१० मध्ये मास्टर की इंटरनेटवर आलीच, आणि ती खरी असल्याचं इंटेलने मान्यही केलं. थांबले ते पैसे देऊन टीव्ही घेतलेले लोक. ज्यांच्या सुरुवातीच्या एचडी टीव्हीला फक्त कंपोनंट इनपुट होतं, त्यांच्यासाठी २०१० नंतर बनलेल्या ब्लू-रे प्लेयर्समधून संरक्षित सिनेमाचं एचडी चित्र त्या वायरीने मिळणं बंद झालं. वायर चांगली, टीव्ही चांगला, परवानगी नाही.

आणि आता वायर तपासायची कशी? २०१५ पासून प्रीमियम एचडीएमआय केबलच्या खोक्यावर लेबल असतं, ते मोबाईलने स्कॅन करायचं. फुंकरीची जागा स्टिकरने घेतली. असो.

आमच्या काळ्या पडद्याचं कारण असं निघालं. रिसीव्हरच्या खोक्यावर '४के' ठळक छापलंय आणि तो ४के चित्र खरंच पुढे पाठवू शकतो. पण त्याचं एचडीसीपी जुन्या पिढीचं, आणि ४के सिनेमांना लागतं २.२, जे २०१३ मध्ये आलं. काही बॉक्स अशा वेळी गुपचूप १०८० वर उतरतात. आमचा बाणेदार निघाला.

शेवटी बॉक्स थेट टीव्हीला लावला आणि आवाजासाठी टीव्हीतून रिसीव्हरपर्यंत ऑप्टिकल केबल टाकली. हे तोशिबाचं १९८३ सालचं टॉसलिंक, त्यात एचडीसीपीची चौकशी नसते. रिसीव्हरला लावण्याआधी बाबांनी तिचं मोकळं टोक तळहातावर धरलं. हातावर लाल ठिपका पडला.

"हां, ही चालू आहे," बाबा म्हणाले, आणि खोचली.