श्रीलंकेचा समेट आणि दोन भाषांचा संत

१९५६ हे साल विदर्भातील माणूस सहसा विसरत नाही. त्या वर्षी १ नोव्हेंबरला काटोल तालुका नागपूरसह मध्य प्रदेशातून निघाला आणि द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्याआधीच्या मध्य प्रदेशात हिंदी व मराठी या दोन्ही राजभाषा होत्या. १९५० च्या कायद्याने दोघींना सारखाच मान दिला होता. पुनर्रचनेने राज्याची हद्द बदलली, पण माणसांची बोली बदलली नाही. काटोल-नरखेडच्या पलीकडे पांढुर्णा-सौंसर भागात आजही घराघरांत मराठी बोलली जाते. भाषेपायी आपल्याकडे कमी दुःख झाले असे नाही. संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभराहून अधिक माणसांनी प्राण वेचले आणि बेळगावचा प्रश्न अजून सुटलेला नाही. तथापि मराठी बोलतो किंवा हिंदी बोलतो, एवढ्यावरून कोणाचे नागरिकत्व गेले नाही.

त्याच १९५६ साली आपल्या दक्षिणेच्या शेजाऱ्याने वेगळी वाट धरली. तेव्हाच्या सिलोनमध्ये पंतप्रधान सॉलोमन भंडारनायके यांच्या सरकारने सिंहली हीच देशाची एकमेव राजभाषा ठरविली. लोकसंख्येचे सुमारे तीन-चतुर्थांश लोक सिंहली भाषक. उत्तर व पूर्व भागांत शतकानुशतके नांदलेले तमिळ या एका कायद्याने स्वतःच्या देशातील कचेरीत परके झाले. चहाच्या मळ्यांवर राबणाऱ्या भारतीय वंशाच्या तमिळांचे नागरिकत्व तर १९४८ सालीच हिरावले गेले होते. १९५७ मध्ये भंडारनायके आणि तमिळ नेते चेल्वनायकम यांनी तडजोडीचा करार केला. परंतु काही भिक्षू व विरोधी पक्ष यांच्या दडपणाखाली तो पुढच्याच वर्षी मोडला गेला. १९८१ मध्ये जाफन्याचे ग्रंथालय जाळण्यात आले, त्यात सुमारे ९७ हजार ग्रंथ भस्मसात झाले. जुलै १९८३ मध्ये तेरा सैनिकांच्या हत्येनंतर तमिळांविरुद्ध भीषण दंगल उसळली आणि यादवी युद्धाला तोंड फुटले.

येथे एक खुलासा करणे अगत्याचे आहे. विदर्भात आपल्या शेजारी बौद्ध बांधव मोठ्या संख्येने राहतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५० मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी सिलोनला गेले होते, आणि नागपूरची धम्मदीक्षाही याच १९५६ सालातली. तेव्हा श्रीलंकेचे युद्ध म्हणजे बौद्ध आणि हिंदू यांचे युद्ध, असे कोणी सांगू लागल्यास ते मान्य करू नये. भांडण भाषेचे, जमिनीचे, नोकरीचे व सत्तेतील वाट्याचे होते. दोन्ही बाजूंना ख्रिस्ती माणसेही होती: सिंहली बोलणारीही आणि तमिळ बोलणारीही.

सैनिकाचा मार्ग

बाहेरून मोठ्या प्रमाणावर आलेला पहिला हात भारताचा. २९ जुलै १९८७ रोजी कोलंबो येथे पंतप्रधान राजीव गांधी व राष्ट्राध्यक्ष जे. आर. जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या. प्रांतिक परिषदा स्थापाव्यात, सिंहलीबरोबर तमिळलाही राजभाषेचे स्थान मिळावे, बंडखोरांनी शस्त्रे खाली ठेवावीत आणि या सर्वांवर देखरेख करण्यासाठी भारतीय शांतिसेना यावी, असा तो करार होता. परंतु ज्या लिट्टे संघटनेने शस्त्रे ठेवायची होती, तिची सही त्या कागदावर नव्हती. आणि पुष्कळ सिंहली जनतेला तो करार लादलेला वाटत होता. दुसऱ्याच दिवशी कोलंबोत मानवंदना स्वीकारताना एका सिंहली नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला.

ऑक्टोबरपर्यंत शांतिसेनेचे रूप पालटले. तमिळांच्या रक्षणासाठी गेलेले जवान तमिळ बंडखोरांशीच लढू लागले. त्या लढाईत जाफन्यातील सामान्य माणूस भरडला गेला. तेथील रुग्णालयात शिरलेल्या लष्करी कारवाईत डॉक्टर, कर्मचारी व रुग्ण मारले गेले, ही आठवण जाफना आजही विसरलेला नाही. दुसरीकडे आपल्याही घरांत शोककळा आली. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी जाफना भागात दबा धरून बसलेल्या शत्रूशी लढताना महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन धारातीर्थी पडले. मुंबईत जन्मलेल्या आणि शिकलेल्या या तमिळ वंशाच्या अधिकाऱ्याला मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. ज्या रेजिमेंटचे ते अधिकारी, तिची दुसरी बटालियन १९४२ मध्ये नागपूरजवळच्या कामठीला उभी राहिली होती. तमिळ मातृभाषेचा एक मुंबईकर, महाराष्ट्राच्या मातीतून उभ्या राहिलेल्या रेजिमेंटमधून, तमिळांच्याच भूमीवर तमिळांशी लढताना पडावा, यातच त्या मोहिमेची शोकांतिका सामावली आहे. भारताचे अकराशेहून अधिक जवान तेथे कामी आले. मार्च १९९० मध्ये शांतिसेना परतली तेव्हा तिला निरोप देण्यास दोन्ही समाज सारखेच उत्सुक होते. पुढच्या वर्षी, २१ मे १९९१ रोजी, श्रीपेरुंबुदूर येथे राजीव गांधींची हत्या झाली.

मध्यस्थाचा मार्ग

दुसरा हात दूरच्या नॉर्वेचा. या छोट्या देशाने सैन्य आणले नाही; दोन्ही बाजूंना एका मेजावर बसविण्याचे काम त्याने पत्करले. २२ फेब्रुवारी २००२ रोजी पंतप्रधान रनिल विक्रमसिंघे आणि लिट्टेचा नेता प्रभाकरन यांच्यात युद्धविराम झाला. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, फिनलंड आणि आइसलंड या पाच देशांचे निरीक्षक त्यावर लक्ष ठेवू लागले. सप्टेंबर २००२ ते मार्च २००३ या काळात थायलंड, नॉर्वे, जर्मनी व जपान येथे चर्चेच्या सहा फेऱ्या झाल्या. जून २००३ मध्ये टोकियो येथे दाते देशांनी साडेचार अब्ज डॉलरच्या साहाय्याचे आश्वासन दिले.

या युद्धविरामाने हजारो प्राण वाचविले, हे त्याचे श्रेय मान्य केलेच पाहिजे. रस्ते उघडले, वर्षानुवर्षे ताटातूट झालेली कुटुंबे भेटली, मधूच्या मरियामातेच्या यात्रेला दक्षिणेकडून सिंहली भाविक पुन्हा जाऊ लागले. परंतु चर्चेच्या मेजावर दोनच पक्ष होते. १९९० मध्ये लिट्टेने उत्तरेतून हाकलून दिलेल्या सुमारे ७० हजार मुसलमानांना तेथे स्वतःची खुर्ची नव्हती. बंदुकीशी संबंध नसलेल्या तमिळांनाही नव्हती. लिट्टेने एप्रिल २००३ मध्ये चर्चेतून अंग काढून घेतले आणि टोकियोची परिषद त्यांच्याविनाच पार पडली. २००६ पासून युद्ध पुन्हा पेटले, जानेवारी २००८ मध्ये सरकारने युद्धविराम अधिकृतपणे संपविला आणि मे २००९ मध्ये लिट्टेचा संपूर्ण पाडाव होऊन रणांगण शांत झाले.

न्यायाधीशाचा मार्ग

युद्ध संपले तेव्हा प्रश्न उरला तो मेलेल्यांचा आणि हरवलेल्यांचा. संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी नेमलेल्या तज्ज्ञ मंडळाने २०११ मध्ये म्हटले की, अखेरच्या टप्प्यात ४० हजारांपर्यंत नागरिक मारले गेले असण्याची शक्यता आहे. त्याच वर्षी जानेवारीत मन्नारचे महागुरुस्वामी रायप्पू जोसेफ यांनी सरकारच्याच आयोगापुढे साक्ष दिली. सरकारी कचेऱ्यांतील आकडे त्यांनी शांतपणे मांडले: ऑक्टोबर २००८ मध्ये वन्नी भागात ४,२९,०५९ माणसे होती; युद्धाच्या शेवटी सरकारी ताब्यात २,८२,३८० आली; मग उरलेल्या १,४६,६७९ जणांचे काय झाले? त्यांनी कोणावर आरोप ठेवला नाही, केवळ हिशेब मागितला. धर्मपालाने आपल्या कळपाची गणना मागणे हे सुवार्तेला धरूनच होते. १ एप्रिल २०२१ रोजी त्यांनी देह ठेवला. त्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर त्यांच्या हयातीत मिळाले नाही.

जिनिव्हा येथील मानवी हक्क परिषदेने २०१२ पासून अनेक ठराव केले. ऑक्टोबर २०१५ च्या ठरावाला तर श्रीलंका सरकारने स्वतः साथ दिली. परंतु सरकार बदलताच फेब्रुवारी २०२० मध्ये ती काढून घेतली. मधल्या काळात बेपत्ता व्यक्तींसाठी स्वतंत्र कार्यालय स्थापन झाले. पण फेब्रुवारी २०१७ पासून किलिनोच्ची व वव्वुनिया येथे रस्त्याकडेला मुलांची छायाचित्रे घेऊन बसलेल्या मातांचा त्या कार्यालयावर विश्वास बसला नाही. वाट पाहता पाहता त्यांतील अनेक जणी कालवश झाल्या.

पाहुण्याचा मार्ग

या तिन्ही मार्गांच्या तीनशे वर्षे आधी एक माणूस चौथ्या मार्गाने त्या बेटावर गेला होता. जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी गोव्यात साष्टीतील बाणावली येथे झाला. ज्या साष्टीत फादर स्टीफन्स यांनी लोकांच्या भाषेत ख्रिस्तपुराण रचले आणि १६१६ मध्ये छापविले, त्याच साष्टीचे हे सुपुत्र. सिलोनच्या किनाऱ्यावर तेव्हा डचांचे राज्य होते आणि कॅथोलिक धर्मगुरूंना तेथे बंदी होती. १६८७ मध्ये फादर वाझ मजुराच्या वेषात, आजारी अवस्थेत, जाफन्याला पोहोचले. दारोदार भिक्षा मागत त्यांनी श्रद्धावंतांची घरे शोधली आणि तमिळ आत्मसात केली. पुढे १६९२ मध्ये कँडीच्या राज्यात शिरताच पोर्तुगीजांचे हेर म्हणून त्यांना कैद झाली. त्या कैदेत त्यांनी सिंहलीचा अभ्यास केला. कँडीचा बौद्ध राजा दुसरा विमलधर्मसूर्य याने त्यांना पुढे अभय दिले. १६९७ मध्ये देवीची साथ आली, लोक आप्तांना सोडून पळाले, तेव्हा वाझ यांनी धर्म वा भाषा न पाहता रोग्यांची सेवा केली. १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथेच त्यांनी देह ठेवला. त्यांच्यामागून आलेले गोव्याचेच फादर जाकोम गोन्साल्विस यांनी सिंहली आणि तमिळ अशा दोन्ही भाषांत विपुल ग्रंथरचना केली.

२१ जानेवारी १९९५ रोजी, ऐन युद्धकाळात, पोप दुसरे जॉन पॉल यांनी कोलंबोत जोसेफ वाझ यांना धन्य घोषित केले. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्याच शहरात त्यांना संतपद बहाल केले आणि त्याच दिवशी ते मधूच्या तीर्थक्षेत्री गेले. नोव्हेंबर १९९९ मध्ये तोफगोळे पडून जेथे आसरा घेतलेली सुमारे चाळीस माणसे मेली, तेच हे मंदिर. २००८ मध्ये लढाई अंगणापर्यंत आली तेव्हा मरियामातेची मूर्ती हलवावी लागली होती. काही महिन्यांनी ती परतली.

संतांच्या या वारशाने श्रीलंकेची ख्रिस्तसभा फुटीपासून मुक्त राहिली असे म्हणता येणार नाही. सिंहली धर्मग्रामांना सैनिकांचे दुःख जवळचे वाटले, तमिळ धर्मग्रामांना बेपत्ता मुलांचे; एकाच वेदीवरून मिस्साबली अर्पण करणाऱ्यांना एकमेकांचे दुःख ऐकणे जड गेले. तरीही २१ एप्रिल २०१९ च्या पुनरुत्थान रविवारी कोलंबो, नेगोंबो व बट्टिकलोआ येथील बॉम्बस्फोटांत अडीचशेहून अधिक माणसे ठार झाली, तेव्हा कार्डिनल माल्कम रंजित यांनी मुसलमान शेजाऱ्यांवर सूड उगवू नका, असे कळवळून सांगितले. तो संयम सर्वत्र पाळला गेला नाही. परंतु तो शब्द उच्चारला गेला, हेही थोडे नाही.

काय टिकले?

या सर्व प्रयत्नांतून आज काय शिल्लक आहे, याचा विचार केला तर एक गोष्ट ध्यानात येते. १९८७ च्या करारातील शस्त्रांचे कलम वाऱ्यावर उडून गेले. परंतु तमिळला राजभाषेचे स्थान देणारी दुरुस्ती राज्यघटनेत राहिली. प्रांतिक परिषदाही कायद्यात राहिल्या, जरी २०१४ नंतर अनेक वर्षे त्यांच्या निवडणुका झाल्या नाहीत आणि पोलीस व जमीन यांचे अधिकार त्यांच्या हाती आले नाहीत. पुढे भारताने सैन्याऐवजी गवंडी पाठविले, तेव्हा उत्तर व पूर्व भागांत हजारो घरे उभी राहिली आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये जाफन्यापर्यंत आगगाडी पुन्हा धावू लागली. ही कामे जाफन्यातील माणूस आपली म्हणून वापरतो.

बाहेरचा हात बंदूक थांबवू शकतो, घर बांधू शकतो, हिशेबही मागू शकतो, आणि शेजारधर्म म्हणून त्याने हे सारे करावेच. मात्र समेट होतो तो ज्याने घाव घातला आणि ज्याने सोसला त्या दोघांमध्ये. त्यासाठी घाव सोसणाऱ्याचे म्हणणे त्याच्याच भाषेत ऐकून घेणारा कोणी लागतो. समेटाच्या संस्कारातही क्षमेपूर्वी कबुली असते, हे आपण लहानपणीच शिकलो आहोत. किलिनोच्चीच्या रस्त्याकडेला बसलेली आई नुकसानभरपाईपेक्षा आधी एकच विचारते: माझा मुलगा कुठे आहे? तिला उत्तर तमिळमध्ये हवे आहे आणि ते सिंहली शेजाऱ्यानेही ऐकायला हवे आहे. कँडीच्या कैदेत बसून परक्याची भाषा शिकणाऱ्या बाणावलीच्या संताकडे आपण त्या आईसाठी प्रार्थना करावी. आणि कामठीच्या वाटेने गेलो तर त्या बेटावरून न परतलेल्या जवानांचीही आठवण ठेवावी.