झाडीपट्टीत इंग्रजी नाटक: शाळांची नाट्यस्पर्धा भरवायची कशी?

दिवाळी झाली, धान घरात आलं की चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या गावांमध्ये नाटकांचा हंगाम सुरू होतो. शंकरपट, मंडई आणि त्या रात्री नाटक, असा इथला जुना क्रम. पडदा रात्री उघडतो आणि पहाटे पडतो. देसाईगंजला, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या वडसाला, नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत आणि प्रेक्षक तिकीट काढून येतात. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, ती याच झाडीपट्टी रंगभूमीवरच्या कामासाठी. पाच हजारांहून जास्त प्रयोग त्यांच्या नावावर आहेत.

त्यामुळे नाटक म्हणजे काय, हे इथल्या नववी-दहावीच्या मुलांना वेगळं समजवावं लागत नाही. अडतं ते इंग्रजीपाशी. म्हणूनच या भागात माध्यमिक शाळांची इंग्रजी नाट्यस्पर्धा भरवायची, तर पुण्या-मुंबईच्या शाळांची नियमावली जशीच्या तशी उचलून चालत नाही.

ही स्पर्धा इतरांपेक्षा वेगळी कशी?

शाळकरी मुलांच्या नाट्यस्पर्धा आपल्याकडे बऱ्याच आहेत. सांस्कृतिक कार्य संचालनालयाची राज्य बालनाट्य स्पर्धा आहे. राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेचा विज्ञान नाट्योत्सव आहे. लोकसंख्या शिक्षण प्रकल्पातली भूमिका अभिनय स्पर्धा जिल्ह्यात डाएटमार्फत होते. २०१५ पासून नववी ते बारावीसाठी केंद्र सरकारचा कला उत्सवही आहे.

या सगळ्यांत भाषा हे साधन असतं. विज्ञान नाटिकेत विज्ञान तपासतात, भूमिका अभिनयात विषयाची समज. इंग्रजी नाट्यस्पर्धेत मात्र भाषाच तपासली जाते, आणि गोची तिथेच आहे.

इंग्रजी कोणाची कितवी भाषा?

भामरागडच्या आश्रमशाळेतलं मूल घरी माडिया बोलतं. मराठी ते शाळेत शिकतं, हिंदी बाजारात आणि मोबाइलवर. इंग्रजीचा नंबर चौथा. सिरोंचात घरची भाषा तेलुगू असते, मुलचेऱ्यातल्या अनेक गावांत बंगाली, तर कोरची-कुरखेड्याच्या सीमेवर छत्तीसगढी. याउलट चंद्रपूर शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत बालवाडीपासून सूचनासुद्धा इंग्रजीतून दिल्या जातात.

राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं. तरी मराठी माध्यमाच्या मुलाला सलग बोलायची वेळ क्वचितच येते. दहावीला ८० गुणांची लेखी परीक्षा असते आणि तोंडी वगैरे मिळून २० गुण. ती तोंडी परीक्षा काही मिनिटांत आटोपते.

वक्तृत्व स्पर्धेत पाठ केलेलं भाषण म्हणून खाली उतरता येतं. नाटकात तसं चालत नाही. समोरच्याने वाक्य गाळलं, तर ते ऐकून आपलं वाक्य सावरावं लागतं. इंग्रजी ऐकून इंग्रजीत उत्तर देण्याचा एवढा चांगला सराव शाळेच्या तासात सहसा मिळत नाही. म्हणून ही स्पर्धा ज्यांना सगळ्यात जास्त उपयोगी आहे, तीच मुलं तिच्यातून सगळ्यात आधी बाहेर पडण्याचा धोकाही आहे. सगळ्या शाळा एकाच गटात ठेवल्या, तर शहरी शाळा दोन वर्षं ढाल नेतील आणि तिसऱ्या वर्षी एटापल्लीची प्रवेशिकाच येणार नाही.

यावर सोपा उपाय म्हणजे दोन गट. एक इंग्रजी माध्यमाच्या शाळांचा, दुसरा मराठी माध्यम आणि आश्रमशाळांचा. बक्षिसं दोन्ही गटांना सारखी. सेमी इंग्रजीच्या शाळा दुसऱ्या गटात घ्याव्यात, कारण तिथे गणित-विज्ञानाची पुस्तकं इंग्रजी असली तरी बोलणं मराठीतच चालतं.

ब्रिटनमध्ये २००० साली सुरू झालेल्या शेक्सपिअर स्कूल्स फेस्टिव्हलने तर क्रमांकच ठेवले नाहीत. शाळा अर्ध्या तासाचं संक्षिप्त शेक्सपिअर खऱ्या नाट्यगृहात करतात आणि घरी जातात. पण आपल्याकडे ढालीशिवाय शाळा हलत नाहीत, हेही खरं.

तारीख आणि कागद

पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात धानाची कापणी, त्यात दिवाळीची सुट्टी. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा. उरतो तो नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा काळ. नेमकी तेव्हाच स्नेहसंमेलनं आणि क्रीडा स्पर्धा असतात. त्यामुळे तारीख जूनमध्येच कळवलेली बरी.

जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळा माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत येतात, तर आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाच्या. त्यांची प्रकल्प कार्यालयं गडचिरोली, अहेरी, भामरागड, चंद्रपूर आणि चिमूरला आहेत. फक्त शिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र निघालं, तर आश्रमशाळेच्या मुख्याध्यापकांना मुलं बाहेर पाठवता येत नाहीत. दोन्हीकडून पत्र निघालं, तरच स्पर्धा खऱ्या अर्थाने जिल्ह्याची होते. सोबत पालकांचं संमतिपत्र आणि मुली असलेल्या प्रत्येक संघाबरोबर एक शिक्षिका, एवढं तरी हवंच.

नाटक कुठून आणायचं?

बहुतेक शिक्षक इंटरनेटवरून तयार नाटुकली उतरवतात. तिच्यात बर्फ पडत असतो आणि पात्रं फायरप्लेससमोर बसलेली असतात. मुलं ती पाठ करतात, पण त्यांना आपण काय बोलतोय हेच कळत नाही.

कॉपीराइटचा मुद्दाही आहे. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतात. शाळेच्या उपक्रमात विद्यार्थी आणि शिक्षकांनी केलेल्या प्रयोगाला १९५७ च्या कायद्याच्या ५२व्या कलमात सूट आहे, पण प्रेक्षक शाळेचे, पालक किंवा उपक्रमाशी संबंधित असतील तरच. तिकीट लावून गावाला बोलावलं किंवा प्रयोग यूट्यूबवर टाकला, तर ही सूट गृहीत धरता येत नाही.

टागोर १९४१ मध्ये गेले, शॉ १९५० मध्ये. दोघांच्याही मूळ लेखनावरचे हक्क भारतात संपले आहेत. टागोरांचं 'डाकघर' या कामाला फार चांगलं: मुख्य पात्र लहान मुलाचं, नेपथ्य म्हणजे एक खिडकी. १९४२ मध्ये वॉर्सा घेट्टोतल्या अनाथाश्रमात यानुश कोरचाक यांनी मुलांकडून हेच नाटक करवून घेतलं होतं. मात्र भाषांतराचे हक्क वेगळे असतात, म्हणून इंग्रजी संहिता मुलांना घेऊन स्वतःच लिहिलेली बरी.

त्याहून चांगलं म्हणजे गोष्टच इथली घेणं. बाबुराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, फाशी देण्यात आली. तेव्हा चांद्याचे डेप्युटी कमिशनर होते कॅप्टन क्रिक्टन. या प्रसंगावरच्या नाटकात इंग्रज अधिकारी इंग्रजी बोलतो याचं कारण प्रेक्षकाला शोधावं लागत नाही. मध्ये एक दुभाषा उभा केला की भाषेचा अडसर हाच नाटकाचा विषय होतो.

किंवा धानोरा तालुक्यातली मेंढा-लेखा ग्रामसभा घ्या. २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. बांबूचा वाहतूक परवाना द्यायचा अधिकार प्रत्यक्ष हातात यायला २०११ उजाडलं. ग्रामसभेत प्रत्येक जण बोलतो आणि एकमत होईपर्यंत निर्णय होत नाही. दहा मुलांना वाक्यं देणारा याहून चांगला प्रसंग सापडणं कठीण. मोह, तेंदू, गोटुल हे शब्द इंग्रजी संवादात तसेच ठेवावेत. त्यासाठी गुण कापू नयेत.

गुण कशाला द्यायचे?

उच्चार 'साहेबी' आहे का, याला शून्य गुण. शब्द शेवटच्या रांगेत कळतो का, याला भरपूर. परीक्षकांमध्ये एक इंग्रजीचा शिक्षक आणि एक झाडीपट्टीवर काम केलेला नट असावा. पहिल्याला व्याकरण दिसतं, दुसऱ्याला रंगमंचावर नुसतं उभं राहिलेलं मूल दिसतं.

संवाद आधी रेकॉर्ड करून त्यावर ओठ हलवायचे, ही स्नेहसंमेलनांमधली पद्धत इथे पूर्ण बंद हवी, नाहीतर स्पर्धेला अर्थच नाही. प्रत्येक कलाकाराला किमान पाच वाक्यं असावीत. हा नियम नसेल तर आश्रमशाळेच्या मुलाच्या वाट्याला हमखास झाड किंवा वाघ येतो. प्रयोगानंतर परीक्षकांनी दोन मुलांना त्यांच्या भूमिकेबद्दल एकेक साधा प्रश्न इंग्रजीत विचारावा. उत्तर मोडकंतोडकं असलं तरी चालेल. आपण काय बोललो ते कळलं होतं की नाही, एवढं त्यातून दिसतं.

प्रॉम्प्टर चालेल का, यावर वाद होतो. शहरी नियमावलीत त्याला मनाई असते. पण झाडीपट्टीत प्रॉम्प्टर हा प्रयोगाचाच भाग आहे आणि नामवंत नटही त्याच्या आधाराने उभे राहतात. दुसऱ्या गटाला निदान पहिली दोन वर्षं तो द्यायला हरकत नाही. विंगेत वर्गातलाच मुलगा बसवला तर त्याचंही वाचन होतं.

सभागृह, माइक आणि परतीची वाट

चंद्रपुरात प्रियदर्शिनी इंदिरा गांधी सभागृह आहे. तालुक्याच्या ठिकाणी शाळेचा हॉल किंवा मंडपच असतो. तिथे पैसे प्रकाशयोजनेपेक्षा माइकवर घालावेत. परक्या भाषेतलं अर्धं वाक्य ऐकू आलं नाही, तर प्रेक्षक तिथेच सुटतो.

अंतरं मोठी आहेत. गडचिरोली ते सिरोंचा सुमारे २०० किलोमीटर. रेल्वेचा उपयोग वडसापुरताच. म्हणून प्राथमिक फेरी वडसा, गडचिरोली, अहेरी, ब्रह्मपुरी, राजुरा अशा ठिकाणी घ्यावी आणि अंतिम फेरीला लांबच्या संघांची आदल्या रात्रीच मुक्कामाची सोय करावी. मोठा खर्च नेपथ्याचा नसून प्रासंगिक करारावरच्या एसटीचा आणि जेवणाचा असतो.

शिवाय हा वाघांचा मुलूख आहे, आणि २०२१ पासून गडचिरोलीत रानटी हत्तींचा कळपही आहे. झाडीपट्टीचं नाटक पहाटेपर्यंत चालतं, शाळेचं चालू शकत नाही. सादरीकरणाचा क्रम सरसकट चिठ्ठ्या टाकून ठरवला, तर कोरचीचा संघ संध्याकाळी पाचला रंगमंचावर येऊ शकतो. म्हणून चिठ्ठ्या दोन भांड्यांत टाकाव्यात: लांबच्या संघांना दुपारी एकच्या आधीच्या वेळा, जवळच्यांना नंतरच्या. निकाल साडेतीनला लागला, तर दिवस मावळायच्या आत बसेस बऱ्यापैकी पुढे गेलेल्या असतात.